गाणं शिकता शिकता शाळेत संगीत शिकवायचंय? मग हे आधी वाचा

बीएला म्युझिक आहे, विशारद (गांधर्व महाविद्यालय मंडळाची गाण्याची परीक्षा) चालू आहे, पुढे शाळेत संगीत शिक्षक व्हायचंय, पण मग माझं गाणं सुटेल का हो ताई, हा प्रश्न मला दरवर्षी जूनच्या आसपास कोणी ना कोणी विचारतंच. सुटू शकतं, खोटं कशाला सांगू. बीएडच्या दोन वर्षांत आणि नोकरीच्या पहिल्या वर्षात बऱ्याच जणांची तालीम बंद पडते आणि मग पुन्हा तानपुरा लावायला हातच जात नाही. पण आधीपासून नीट आखणी केली तर दोन्ही जमतं. मी गेली बरीच वर्षं करतेय म्हणून सांगते.

सगळ्यात आधी कागदांचं बघा, कारण इथे चुकलं तर नंतर सुधारायला वर्षं जातात. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद आणि विद्यापीठाची बीए या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही ठिकाणी विशारद समकक्ष धरतात, काही ठिकाणी नाही धरत, आणि ते त्या त्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. केंद्रीय विद्यालयाच्या प्राथमिक संगीत शिक्षकाच्या जाहिरातीत बारावीला 50 टक्के आणि संगीतातली पदवी किंवा समकक्ष असं मागतात. म्हणून माझं मत विचाराल तर विशारद आणि पदवी दोन्ही करा. तालीम एकच, परीक्षा दोन.

बीएड करणार असाल तर अजून एक. बहुतेक बीएड कॉलेजात संगीत ही मेथड, म्हणजे शिकवायला निवडायचा विषय, नसते, आपल्याला मराठी, हिंदी, इतिहास असलं काहीतरी घ्यावं लागतं आणि त्यासाठी तो विषय पदवीला असावा लागतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं बीएला सगळं म्युझिकच म्युझिक घेतलं आणि अ‍ॅडमिशनच्या वेळी मेथड कुठली द्यायची यावरून तिची नुसती पळापळ झाली. तेव्हा पहिल्या वर्षालाच संगीताबरोबर एक भाषा ठेवा आणि ज्या कॉलेजात जायचं त्यांना आधीच जाऊन विचारून या. मराठी मेथड घेतली तरी काही वाया जात नाही, कविता चालीत शिकवायची वेळ आली की तुमचाच सराव पाठ वर्गात लक्षात राहतो.

आता गुरूंना सांगायचं. हे बरेच जण टाळतात, बुवा रागावतील म्हणून लपवून ठेवतात आणि मग छात्रसेवाकाल, म्हणजे बीएडमधला शाळेत जाऊन शिकवायचा काळ, सुरू झाला की तालमीला दांड्या पडायला लागतात. बीएडच्या दुसऱ्या वर्षात साधारण 16 आठवडे शाळेत जावं लागतं, शिवाय रात्री पाठ टाचण लिहायचं असतं. तर आधीच जाऊन स्पष्ट सांगा की गुरुजी, या चार महिन्यांत आठवड्यातून एकदाच येईन पण चुकवणार नाही. आणि नवा राग मागू नका, जो गळ्यावर आहे तोच पक्का करा. मी त्या काळात फक्त भूप आणि यमन गायले आणि आज माझे तेच दोन राग सगळ्यात पक्के आहेत.

शाळेत शिकवतो म्हणजे गायक म्हणून कमी पडला असं बोलणारे भेटतील, त्यांचं मनाला लावून घेऊ नका. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मधे लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते वर्गात बसवून गाणं शिकवायलाच, आणि त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन मैफली पण करायचे आणि पुण्यात 1932 पासून विद्यालय पण चालवायचे. ही आपल्याकडची जुनीच वाट आहे.

आता वर्गातलं, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण हे कुठल्याच परीक्षेत शिकवत नाहीत. पट्टी, म्हणजे कुठला स्वर सा धरून गायचं ते! माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी. नोकरीला लागले तेव्हा मी प्रार्थना माझ्याच पट्टीत सांगायचे, सोयीचं वाटायचं. तिसरी-चौथीची पोरं खालच्या स्वरांना नुसती गुरगुरायची, काही जण तर ओठच हलवायची, आणि मला वाटायचं यांना सूर नाही. एक दिवस पेटीवर सहज पांढरी दोन धरून तीच ओळ म्हटली आणि अख्खा वर्ग एकदम मोकळ्या आवाजात गायला लागला, मागच्या बाकावरची कधी तोंड न उघडणारी मुलगी सुद्धा. तेव्हा कळलं की सूर त्यांना होता, पट्टी माझी होती. लहान मुलांना मध्य सप्तकातली पांढरी एक किंवा दोन देऊन बघा, चाल मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, फार उतरत असेल तर अजून थोडी चढवा. तुम्हाला वरचा सा ताणून घ्यावा लागेल, घेऊ नका, हलकं दाखवा किंवा पेटीवर वाजवा. पुरुष शिक्षकांनी स्वतःच्या सप्तकात गायलं तरी मुलं वरच्या सप्तकात उचलतात, फक्त पहिल्या दिवशी त्यांना ते पेटीवर ऐकवा नाहीतर ती सरांसारखा जाड आवाज काढायला जातात.

आठवीतल्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना हसू देऊ नका कोणाला. त्यांच्याकडे ताल द्या. दादऱ्याच्या 6 मात्रा, केहरव्याच्या 8, टाळी-खाली हातावर, मग बाकावर. तीनतालाच्या 16 मात्रांत एकदा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बरोबर आला की तो मुलगा तास चुकवत नाही.

आणि तुमचा स्वतःचा गळा. वर्गात पन्नास पोरं, वर पंखा घरघरतोय, 35 मिनिटांचा तास, तुम्ही ओरडून गप्प बसवलंत की संध्याकाळी तान निघणार नाही. मी ओरडणं पूर्ण बंद केलं, टाळीचा एक ठेका ठरवलाय, मी चार मात्रा वाजवते, मुलं चार मात्रा परत देतात आणि शांत होतात. पहिला आठवडा जमत नाही, नंतर सवय लागते. घसा बसला असेल तर कुजबुजत पण बोलू नका, त्यानंही ताण येतो, फळ्यावर स्वर लिहा आणि मुलांना वाचायला लावा.

रियाज सकाळी शाळेच्या आधी, खर्जाची, म्हणजे खालच्या स्वरांची, 20 मिनिटं झाली तरी चालतील पण रोज. शाळेतून आल्यावर दमलेल्या गळ्यानं ताना घोटू नका, त्या वेळात ऐका, बंदिशी लिहून काढा, विशारदचं शास्त्र वाचा. सारेग रेगम हा अलंकार पाचवीला शिकवताना तुम्ही तो दिवसात पंधरा वेळा म्हणता, तो मन लावून सुरात म्हणा, म्हणजे तेवढा स्वरांचा रियाज तिथेच होतो.

वर्षाचं गणित पण मांडून ठेवा. गांधर्व मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत असतात, आणि डिसेंबर म्हणजे गॅदरिंग. मी एकदा दोन्ही एकत्र ओढलं, गॅदरिंगचं समूहगीत बसवता बसवता माझं प्रॅक्टिकल आलं आणि विलंबित ख्यालात आवाज साफ फाटला. तेव्हापासून मी कोणालाही नोकरीत असताना हिवाळी सत्राला बसू देत नाही. उन्हाळ्याचा फॉर्म भरा, वार्षिक परीक्षेच्या दिवसांत संगीताचे तास तसेही कमी होतात, आणि मे महिना पूर्ण गुरूंकडे काढा. जानेवारीत मात्र राष्ट्रगीताची तयारी आठवडाभर आधी घ्या, 52 सेकंदांत बसलं पाहिजे, घड्याळ लावून म्हणायला लावा, मुलं शेवटच्या जय हे ला हमखास रेंगाळतात.

आणि वर्षातून एकदा तरी शाळेत स्वतः गा, वीस मिनिटं, तबला-तानपुऱ्यासकट, गुरुपौर्णिमेला वगैरे. मुलांनी आपल्या बाईंना गाताना ऐकलेलं असलं की दुसऱ्या दिवशी पेटी उघडायच्या आधीच ती सरळ बसलेली असतात.