आश्रयाचा अर्ज: तारखा सजवू नका

परत गेलो तर जिवाला धोका आहे, मला आश्रय हवा, हे नव्या देशात पोहोचताच अधिकाऱ्यांना सांगा. ‘आधी बस्तान बसवा, मग बघू’ हा सल्ला घातक आहे. अमेरिकेत तर पोहोचल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. व्हिसा नाही म्हणून लपू नका. १९५१ च्या निर्वासित कराराचं ३१ वं कलम अशा माणसासाठीच आहे: धोक्यातून थेट आलेला माणूस विनाविलंब हजर झाला आणि त्यानं सबळ कारण दिलं, तर बेकायदा प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा करू नये.

नोंदणी, फोटो, बोटांचे ठसे सांगतील तसे द्या. पत्ता बदलला की त्याच दिवशी कळवा.

आता निवेदन, म्हणजे अर्जासोबत द्यायची तुमची लेखी हकिगत. खरं काम इथे आहे.

करारात छळाची कारणं ५ आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. तुमच्यावर जे गुदरलं ते यातल्या कशामुळे, हे निवेदनात स्पष्ट दिसलं पाहिजे. ‘देशातली परिस्थिती वाईट आहे’ यानं काही साधत नाही. कोण आलं, काय म्हणालं, काय केलं, पोलिसांकडे गेलात का, नसाल तर का नाही, हे लिहा.

मी अनेकांची निवेदनं लिहून दिली आहेत. सुरुवातीच्या एका निवेदनात माझ्या हातून मोठी चूक झाली. त्या बाई म्हणाल्या, ‘मुलीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते घरात घुसले.’ कागद नीटनेटका दिसावा म्हणून मी हिशेब करून एक तारीख घातली. मुलाखतीत त्यांनी वेगळी तारीख सांगितली आणि नकाराच्या पत्रात नेमकी तीच विसंगती आली. ज्यानं हे भोगलंय, त्याला तारीख आठवत नाही. त्याला परीक्षा आठवते, अंधार आठवतो. तेच लिहा. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ म्हणा.

एजंटाकडून तयार कहाणी विकत घेऊ नका. ती दोन प्रश्नांत कोसळते आणि तुमची खरी हकिगतही सोबत बुडवते. लैंगिक अत्याचार झाला असेल तर कितीही जड गेलं तरी सुरुवातीलाच सांगा. नंतर सांगितलं की ‘आधी का नाही?’ असं विचारतात. महिला अधिकारी आणि महिला दुभाषी मागा, बहुतेक ठिकाणी ही मागणी करता येते. सही करण्याआधी प्रत्येक ओळ तुमच्या भाषेत वाचून घ्या. घाई करणाऱ्याला थांबवा.

कागदपत्रं घरीच राहिली म्हणून खचू नका. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाची १९७९ ची मार्गदर्शिका सांगते, की हकिगत सुसंगत आणि पटण्याजोगी असेल, तर संशयाचा फायदा अर्जदाराला मिळावा. या कार्यालयाच्या सेवा मोफत असतात; त्यांच्या नावानं पैसे मागणारा फसवतोय.

मुलाखतीत दुभाष्याची बोली कळत नसेल तर तिथल्या तिथे सांगा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा.

निकाल येईपर्यंत मायदेशाच्या दूतावासात पासपोर्ट नव्यानं काढायला जाऊ नका; त्याच सरकारचं संरक्षण तुम्ही मागताय असा अर्थ निघू शकतो.

नकार आला तर पत्रावरची अपिलाची मुदत पहिल्यांदा बघा, ती अनेकदा दिवसांतच असते. मग नकाराचं प्रत्येक कारण घेऊन त्याखाली उत्तर लिहा. चूक लिहून देणाऱ्याची असेल, तर त्याच्याकडून तसं सहीनिशी लिहून घ्या. त्या बाईंच्या अपिलाला मी तसं पत्र जोडलं होतं.