केप बफेलोसाठी मोठ्या बोअरची पहिली रायफल कशी निवडावी

दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिंबाब्वे किंवा टांझानिया येथे परवान्याने शिकार करणाऱ्या माणसाकडे बहुधा .३०-०६ किंवा .३०८ या मध्यम मापाच्या काडतुसाची रायफल आधीपासूनच असते आणि कुडू, गेम्सबॉक या हरणासारख्या प्राण्यांसाठी ती पुरेशीही असते. सहाशे ते आठशे किलो वजनाच्या केप बफेलोचा, म्हणजे आफ्रिकेतल्या रानरेड्याचा, परवाना हाती आला की मात्र मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड गोळी उडवणाऱ्या रुंद नळीच्या, रायफलीचा प्रश्न उभा राहतो, आणि हा लेख त्याच एका निवडीपुरता आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीला बंदी आहे. त्यामुळे पुढील सर्व मजकूर जिथे ही शिकार कायदेशीर आहे, तिथे राहणाऱ्या किंवा तिथे रीतसर जाणाऱ्या वाचकांसाठी आहे.

निवडीची सुरुवात त्या त्या देशाच्या नियमापासून करावी. नामिबियात बफेलो आणि हत्ती यांच्यासाठी नळीच्या तोंडाशी किमान ५,४०० ज्यूल ऊर्जा लागते. झिंबाब्वेत गोळीचा व्यास किमान ९.२ मिलिमीटर आणि ऊर्जा किमान ५,३०० ज्यूल असावी लागते. या आकड्यांचा परिणाम मोठा आहे. ९.३×६२ हे ओटो बॉक यांनी १९०५ मध्ये बर्लिनमध्ये तयार केलेले काडतूस अतिशय गुणी आहे, त्याचा धक्का सोसवतो आणि त्याने आफ्रिकेत असंख्य रेडे पडले आहेत. तरीही त्याच्या नेहमीच्या भरणीत २८६ ग्रेनची, म्हणजे साडेअठरा ग्रॅमची, गोळी सेकंदाला सुमारे ७२० मीटर वेगाने जाते आणि ऊर्जा ४,८०० ज्यूलच्या आसपासच राहते. म्हणून रायफल विकत घेण्यापूर्वी आपण जाणार त्या भागाचा चालू नियम शिकार आयोजकाकडून लेखी मागवून घ्यावा.

नियमाची अट पूर्ण करणाऱ्या काडतुसांमध्ये पहिला विचार .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमचा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ते १९१२ मध्ये बाजारात आणले. ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने जाते आणि ऊर्जा साधारण ५,७५० ज्यूल भरते. त्याची पुंगळी (दारू भरलेले धातूचे आवरण) लांब आणि निमुळती असल्यामुळे ती मॅगझीनमधून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, सहज सरकते, अडकत नाही, आणि उडवल्यानंतर सहज बाहेरही येते. दोनशे मीटरवरच्या इलँड या मोठ्या हरणासारख्या प्राण्यासाठी आणि चाळीस मीटरवरच्या बफेलोसाठी एकच रायफल चालते. शिवाय आफ्रिकेतल्या लहानशा गावातल्या दुकानातही काही मिळाले तर .३७५ ची काडतुसे मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

.४१६ हा त्यापुढचा टप्पा. .४१६ रिग्बी १९११ चे आहे. त्या काळी कॉर्डाइट ही दारू वापरली जाई आणि उष्णतेत तिचा दाब वाढत असे, म्हणून रिग्बी या बंदूक कंपनीने पुंगळी मुद्दाम मोठी ठेवली, जेणेकरून भर उन्हातही दाब आटोक्यात राहील आणि पुंगळी चेंबरमध्ये चिकटणार नाही. ४०० ग्रेनची गोळी सेकंदाला ७२० मीटरच्या आसपास जाते आणि ऊर्जा सुमारे ६,७५० ज्यूल होते. या जाड पुंगळीला मोठी मॅग्नम ॲक्शन (काडतूस भरणारी आणि काढणारी बोल्टची यंत्रणा) लागते, त्यामुळे रायफल महाग आणि जड होते. १९८८ मध्ये आलेले .४१६ रेमिंग्टन मॅग्नम जवळपास तेच काम .३७५ च्या मापाच्या ॲक्शनमध्ये करते, मात्र अधिक दाबावर. आजच्या दारू रिग्बीच्या काळापेक्षा उष्णतेला बऱ्याच स्थिर आहेत, त्यामुळे पैशांचा विचार करणाऱ्याने रेमिंग्टन घेण्यास हरकत नाही. मला स्वतःला रिग्बीचा सौम्य दाब अधिक विश्वासाचा वाटतो.

.४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ मध्ये आले. तुलनेने आखूड पुंगळीत ५०० ग्रेनची गोळी बसवताना दारू दाबून भरावी लागे, आणि सुरुवातीच्या काही काडतुसांत ती गठ्ठा होऊन वेग घसरल्याच्या तक्रारी आल्या. मोझांबिकमध्ये बफेलोने जखमी केलेल्या जॅक लॉट यांनी पुढे लांब पुंगळीचे .४५८ लॉट तयार केले, ते याच उणिवेतून. लॉट सुमारे ७,९०० ज्यूलपर्यंत जाते, परंतु त्याचा धक्का पहिल्या मोठ्या रायफलसाठी मी कोणालाही सुचवणार नाही. .४७० नायट्रो एक्सप्रेससारखी, बुडाशी बाहेर आलेली कडा असलेली काडतुसे दुनळी रायफलींसाठी आहेत. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतात .४५० बोअरवर बंदी घातली आणि त्या बंदीमुळेच लंडनच्या बंदूक कारागिरांनी .४६५, .४७० यांसारख्या मापांकडे मोर्चा वळवला, हा इतिहास आपल्याकडच्या वाचकाला जवळचा वाटेल. चांगल्या दुनळीची किंमत आणि दोन्ही नळ्या एका ठिकाणी जुळवण्याचे कष्ट पाहता ती पहिली रायफल असू नये.

धक्क्याचा हिशेब मी एवढ्या आग्रहाने मांडतो, कारण बफेलो चुकीच्या जागी लागलेल्या मोठ्या गोळीने पडत नाही. तो जखमी होऊन झाडीत शिरतो आणि मग माग काढणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो. ३.६ किलोच्या .३०-०६ चा धक्का साधारण २७ ज्यूल असतो, ४.२ किलोच्या .३७५ चा सुमारे ५० आणि साडेचार किलोच्या .४१६ रिग्बीचा ७५ च्या पुढे. याचा अर्थ .३७५ वर येतानाच धक्का जवळजवळ दुप्पट होतो. निवडीची माझी कसोटी अशी आहे: शूटिंग स्टिक्सवर (रायफल टेकवण्याच्या काठ्यांवर), उभ्याने, पन्नास मीटरवरून, लागोपाठ तीन गोळ्या बशीएवढ्या वर्तुळात मारता आल्या आणि तिसरी गोळीही पहिलीइतकीच शांतपणे सुटली, तर ते काडतूस आपले. त्यासाठी मैदानावर एखाद्या जाणकाराकडून मॅगझीनमध्ये मधेच एखादे डमी, म्हणजे न उडणारे, काडतूस आपल्याला न सांगता भरून घ्यावे. घोडा ओढल्यावर स्फोट न होता नळी खाली झुकली, तर आपण धक्क्याला घाबरतो आहोत हे लगेच दिसते. असे होत असेल तर लहान काडतुसावर यावे. त्यात कमीपणा मुळीच नाही. नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक (वायू बाजूला वळवणारे साधन) लावून धक्का कमी करण्याचा मार्ग मोहक वाटतो, परंतु त्यामुळे आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसांच्या कानांना कायमची इजा होऊ शकते. म्हणून शिकारीत तो टाळावा.

गोळीवर मात्र कधीही काटकसर करू नये. बफेलोचे खांद्याचे हाड आणि जाड कातडी भेदून फुप्फुसे व हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी गोळी लांब, जड आणि न फुटणारी हवी. पहिल्या गोळीसाठी शिसे आवरणाला पक्के जोडलेली स्विफ्ट ए-फ्रेम किंवा संपूर्ण तांब्याची बार्न्स टीएसएक्स यांसारखी गोळी निवडावी, जी पसरते परंतु तुकडे होऊन विखुरत नाही. साधी पातळ आवरणाची गोळी वरवर फुटते आणि आत जात नाही. पुढच्या गोळ्या घन, न पसरणाऱ्या ठेवण्याची प्रथा आहे, कारण पळत्या रेड्यावर मागून किंवा तिरकी गोळी मारावी लागली तर खोली महत्त्वाची ठरते. दोन्ही प्रकार आपल्या नळीतून एकाच ठिकाणी लागतात का, हे पन्नास मीटरवर तपासल्याशिवाय ते सोबत नेऊ नयेत.

आता रायफल. माउझर ९८ पद्धतीची ॲक्शन घ्यावी, जिच्यात रुंद एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) काडतूस मॅगझीनमधून वर येतानाच त्याची कड पकडतो. घाईत बोल्ट अर्धवट मागे ओढला गेला तरी दुहेरी भरणी होऊन रायफल जाम होण्याची शक्यता अशा ॲक्शनमध्ये कमी असते. दुकानात केवळ बोल्ट मागेपुढे करून समाधान मानू नये. डमी काडतुसांनी मॅगझीन पूर्ण भरून, रायफल खांद्यावर ठेवून, आधी सावकाश आणि मग पूर्ण वेगाने ती रिकामी करावी. मऊ टोकाची आणि घन, दोन्ही प्रकारच्या गोळ्यांची डमी वापरावीत, कारण टोकाचा आकार बदलला की काही रायफली अडखळतात. एक जरी काडतूस अडले, तर ती रायफल कारागिराकडून दुरुस्त करून मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

दस्ता आपल्या हाताच्या लांबीला जुळला पाहिजे. तो लांब असेल तर जाड जॅकेट घातल्यावर बगलेत अडकतो. लाकडी दस्त्यात ॲक्शनमागे आडवे पोलादी बोल्ट असावेत, नाहीतर तो धक्क्याने चिरतो. पट्ट्याची पुढची कडी दस्त्यावर नसून नळीवर असावी. दस्त्यावरची कडी धक्क्यात पुढच्या हाताला जखम करते. ५६ ते ६१ सेंटीमीटरची नळी झाडीत सोयीची पडते. दुर्बीण १–४ किंवा १–६ पट वाढीची, डोळ्यापासून किमान ९ सेंटीमीटर अंतर देणारी आणि हाताने झटकन निघणाऱ्या माउंटवर बसवलेली असावी, म्हणजे घनदाट झाडीत खालची माशी आणि रुंद खाच वापरता येईल. ही लोखंडी निशाणसाधने सुद्धा शिकारीपूर्वी पन्नास मीटरवर जुळवून घ्यावीत.

परदेशातून रायफल नेताना काडतुसे रायफलीपासून वेगळ्या कुलूपबंद पेटीत ठेवावीत. बहुतेक विमान कंपन्या प्रवाशामागे ५ किलोपर्यंतच काडतुसे नेऊ देतात आणि त्यात .३७५ किंवा .४१६ ची चाळीस काडतुसे सहज बसतात. दक्षिण आफ्रिकेत तात्पुरत्या आयातीसाठी एसएपीएस ५२० हा तिथल्या पोलिसांचा अर्ज काळ्या शाईने भरावा लागतो, आणि रायफलीवरचा क्रमांक अर्जातल्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. पुंगळीच्या बुडावर कोरलेले नाव आणि परवान्यावरचे काडतुसाचे नाव एकच असल्याचीही खात्री घरीच करून घ्यावी. .४५८ लॉटच्या रायफलीतून .४५८ विंचेस्टरची काडतुसे उडवता येत असली, तरी परवान्यावर लॉट लिहिलेले असताना पेटीत विंचेस्टरची काडतुसे निघाली, तर सीमेवरचा अधिकारी ती अडवून ठेवू शकतो.