महाडच्या सत्याग्रहाचा इतिहास मूळ साधनांतून कसा शोधावा

महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी २० मार्च १९२७ रोजी पाणी प्यायले, हे शालेय पुस्तकामुळे बहुतेकांना ठाऊक असते. ज्याला या लढ्याचा स्वतः अभ्यास करायचा आहे, त्याने मात्र या एका तारखेवर न थांबता तिच्या आधीची चार वर्षे आणि नंतरची दहा वर्षे नजरेसमोर ठेवावीत. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठ्यांचा, धर्मशाळांचा आणि शाळांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार आपले तळे खुले केले, पण ते कागदावरच. मार्च १९२७ मध्ये महाडला भरलेल्या परिषदेच्या वेळी प्रत्यक्ष पाणी घेतले गेले, तेव्हा परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. पुढे ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, डिसेंबरात सवर्णांनी बाबासाहेबांविरुद्ध दावा दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. नागरी हक्कांच्या इतिहासात हक्क कागदावर येणे, तो बजावला जाणे आणि तो टिकणे या तीन वेगळ्या घटना असतात. त्यांच्यातले अंतर मोजणे हेच अभ्यासकाचे मुख्य काम आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी पहिल्याच दिवशी वहीत तारीख, कागद काय म्हणतो आणि प्रत्यक्षात काय घडले, असे तीन रकाने आखावेत आणि पुढे मिळणारी प्रत्येक नोंद त्यांत भरत जावी.

सुरुवात छापील साधनांपासून करावी, कारण त्यांच्या आधारानेच पुढची कागदपत्रे नेमकी मागता येतात. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या इंग्रजी खंडांपैकी सतराव्या खंडाच्या पहिल्या भागात महाडच्या लढ्याची कागदपत्रे एकत्र मिळतात. अठराव्या खंडात त्यांची मराठी भाषणे आहेत. शासनानेच १९८२ साली काढलेल्या साधनग्रंथात सरकारी दप्तरांतील आणि त्या काळच्या वृत्तपत्रांतील मजकूर संकलित केलेला आहे, तर ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ या पत्रांचे अंक पुनर्मुद्रित खंडाच्या रूपात उपलब्ध आहेत. हे खंड अनेक महाविद्यालयांच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयांत असतात. गावातल्या वाचनालयात नसले तर ग्रंथपालांना सांगून आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येतात का, हे विचारावे. चां. भ. खैरमोडे यांचे अनेक खंडांचे चरित्र तपशिलांनी इतके भरलेले आहे की त्याला वगळून पुढे जाणे शक्य नाही, परंतु त्यातील पत्र किंवा बातमी उद्धृत करण्यापूर्वी मूळ कागद कोठे आहे याचा माग घ्यावा.

वृत्तपत्रे वाचताना ‘त्या तारखेला कोणते पत्र अस्तित्वात होते’ हा प्रश्न फार उपयोगी पडतो. ‘मूकनायक’ १९२० साली निघाले होते आणि १९२७ येईपर्यंत ते बंद पडले होते. ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ रोजी निघाला. म्हणजे महाडमध्ये लोकांची डोकी फुटली त्या दिवशी चळवळीपाशी बाबासाहेबांचे स्वतःचे पत्र नव्हते. पहिल्या बातम्या इतरांच्या पत्रांतून गेल्या आणि चळवळीची बाजू सुमारे पंधरा दिवसांनी छापून आली. म्हणून मार्चच्या अखेरच्या आठवड्यासाठी मुंबई, पुणे आणि कोकणातून निघणारी त्या वेळची दैनिके व साप्ताहिके पाहावीत आणि त्यांच्या शेजारी ‘बहिष्कृत भारत’चे पहिले अंक ठेवून वाचावेत. या अंकांतले अग्रलेख आधी छापून गेलेल्या मजकुराला दिलेले उत्तर आहेत हे ध्यानात घेतले, तर त्यांतील एकेका वाक्याचा रोख कोणाकडे आहे ते उलगडू लागते. हे पत्रही नोव्हेंबर १९२९ मध्ये थांबले, आणि ‘जनता’ सुरू झाले ते नोव्हेंबर १९३० मध्ये. त्यामुळे खालच्या न्यायालयांचे १९३१ आणि १९३३ चे निकाल व उच्च न्यायालयाचा निकाल यांचे पडसाद ‘जनता’त शोधावे लागतात. जुन्या नियतकालिकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटीचे टाऊन हॉलमधील ग्रंथालय आणि पुण्याच्या केसरीवाड्यातील ग्रंथालय ही ठिकाणे आधी विचारात घ्यावीत. जाण्यापूर्वी फोन करून हवे असलेले वर्ष त्यांच्याकडे आहे का, ते हाताळायला देतात का, आणि छायाचित्र काढण्याची परवानगी मिळते का, हे विचारून घ्यावे.

उच्च न्यायालयाचा निकाल हे या विषयातले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी वाचले जाणारे साधन आहे. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या नावाने तो इंडियन कानून या संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, आणि कायद्याच्या ग्रंथालयात बॉम्बे लॉ रिपोर्टरच्या एकोणचाळिसाव्या खंडात सापडतो. तो वाचताना आधी शीर्षक पाहावे. वैद्य यांचे नाव प्रथम आहे, कारण खालच्या दोन्ही न्यायालयांत सवर्ण वादी हरले होते आणि अपील त्यांनी केले होते. मग न्यायालयापुढचा प्रश्न नेमका काय होता ते टिपावे. अस्पृश्यता न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न तेथे नव्हताच. तळे कोणाच्या मालकीचे, आणि अस्पृश्यांना त्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींनी सिद्ध केली आहे का, एवढेच ठरवायचे होते. तशी रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून अपील फेटाळले गेले. ‘उच्च न्यायालयाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली’ असे वाक्य लिहिणारा लेखक निकाल न वाचताच लिहितो. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम संविधानाबरोबर १९५० साली अमलात आले. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश, हेही अभ्यासकाला माहीत असलेले बरे. याच निकालात तळ्याचे, त्याच्या भोवतीच्या रस्त्यांचे आणि घरांचे वर्णन येते. ते महाडच्या नकाशाशेजारी ठेवून वाचले म्हणजे त्या दिवशी लोक कोणाच्या दारांसमोरून चालत गेले असतील याची कल्पना येते.

सरकारी दप्तरे पाहायची असतील तर मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात जावे लागते. ओळखपत्र आणि संस्थेचे किंवा मार्गदर्शकाचे शिफारसपत्र जवळ ठेवावे. तेथे फायली विषयवार मांडलेल्या नसून विभाग आणि वर्ष यांनुसार असतात, त्यामुळे ‘महाड सत्याग्रह’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. १९२७ आणि १९२८ सालांच्या गृह विभागाच्या, त्यातही विशेष शाखेच्या, सूची चाळून क्रमांक काढावा लागतो. पोलिसांच्या अहवालात तारीख, वेळ आणि हालचाली बारकाईने मिळतात, परंतु तो अहवाल शांतताभंगाची धास्ती बाळगणाऱ्या नोकराने वरिष्ठांसाठी लिहिलेला असतो. त्यात माणसे जमाव म्हणून दिसतात, नागरिक म्हणून दिसत नाहीत. त्याचा उपयोग अवश्य करावा, पण त्याची भाषा आपल्या लेखनात उतरू देऊ नये.

ऑनलाइन शोधाचे बरेचसे यश शब्द बदलून पाहण्यावर अवलंबून असते. महाड ज्या जिल्ह्यात येते त्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळाले, त्याआधीचे सर्व कागद ‘कुलाबा’ या नावाखाली आहेत. ‘दलित’ या शब्दावर शोधण्याबरोबरच ‘अस्पृश्य’, ‘बहिष्कृत’ आणि इंग्रजीत ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हेही शोधावे. हे शब्द आज बोचतात आणि बोचलेच पाहिजेत, पण सूचीत तेच नोंदलेले आहेत. इंग्रजीत चवदार आणि बहिष्कृत या शब्दांची स्पेलिंगे किमान तीन-चार प्रकारे करून पाहावीत. १९६२ पूर्वीच्या मराठीत ‘तळें’, ‘पाण्यासाठीं’ असे अनुस्वार असत, त्यामुळे आजच्या शुद्धलेखनाने टंकलेला शब्द यंत्राला सापडत नाही. शिवाय जुन्या अंकांची छायांकने पुष्कळदा नुसती चित्रेच असतात आणि त्यांत शब्दशोध चालतच नाही. अशा वेळी तारखेनुसार अंक उघडून पाने उलटावीत, त्याला पर्याय नाही. बाबासाहेबांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथसंजीवनीवर जुनी मराठी पुस्तके व नियतकालिके, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटलवर केंद्र सरकारच्या फायली, आणि इंटरनेट आर्काइव्हवर जनगणनेचे जुने अहवाल मिळतात. शोधगंगेवरील प्रबंध उघडताना निष्कर्षाऐवजी शेवटची संदर्भसूची आधी वाचावी. कोणती फाईल कोठे आहे हे तिच्यातून कळते.

आकड्यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. मार्चच्या परिषदेला किती लोक जमले होते, याचे आकडे साधनागणिक बदलतात. त्यांतला मोठा किंवा सोयीचा आकडा उचलू नये. कोणी, केव्हा आणि कोणासाठी तो दिला हे सांगून दोन्ही आकडे द्यावेत. रा. बा. मोरे यांच्यासारख्या आयोजकांच्या आठवणींना मोठे मोल आहे, कारण परिषद भरवण्यामागची धडपड सरकारी कागदांत येत नाही, मात्र वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणीतील तारीख त्या काळच्या अंकाशी ताडून घ्यावी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. ते भाषण मिळते, पण ऐकणाऱ्या स्त्रियांचे शब्द जवळजवळ मिळत नाहीत. महाड परिसरातील जुन्या कुटुंबांकडे, गाण्यांतून चळवळीचा प्रचार करणाऱ्या जलसाकारांच्या वह्यांत आणि स्थानिक स्मरणिकांत त्यांचा शोध घेण्यासारखा आहे, आणि हे काम ज्यांना कोकणात राहून करता येते त्यांनी ते लवकर हाती घ्यावे.

टिपणे करताना प्रत्येक छायाचित्राआधी मुखपृष्ठाचे किंवा फाईलच्या वेष्टनाचे छायाचित्र काढावे, आणि टिपणाच्या माथ्यावर ग्रंथालयाचे नाव, दाखल क्रमांक, अंकाची तारीख व पृष्ठ लिहावे. संकेतस्थळावरून घेतलेल्या मजकुरापुढे तो कोणत्या दिवशी पाहिला हेही नोंदवावे, आणि ती प्रत स्वतःकडे उतरवून ठेवावी, कारण सरकारी संकेतस्थळांचे पत्ते वारंवार बदलतात. मूळ अंक पाहिला की पुनर्मुद्रण, निकालपत्र पूर्ण वाचले की एखाद्या पुस्तकातला उतारा, हे टिपणातच स्पष्ट लिहिलेले असावे, म्हणजे लेख लिहिताना एका साधनाचे वजन दुसऱ्याला दिले जात नाही.