नवी गाडी घेताना शोरूममधल्या चलाख्या कशा ओळखाव्यात

शोरूममध्ये गाडी, कर्ज, विमा आणि जुन्या गाडीची अदलाबदल हे चार वेगळे व्यवहार एकाच आकड्यात मिसळले जातात. एकीकडे दिलेली सूट दुसरीकडून वसूल होते आणि गिऱ्हाइकाला ते कळतही नाही. म्हणून प्रत्येक व्यवहार सुटा करून बोला.

1. एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज अशा वेगळ्या ओळी असलेले कोटेशन शिक्क्यासह घ्या. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ची ओळ काढायला लावा, गाडी शोरूमपर्यंत आणणे हे विक्रेत्याचे काम आहे. कर आरटीओच्या पावतीवर असेल तेवढाच द्या. 10 लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर) लागतो, तो मात्र खरा असतो आणि आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

2. “महिन्याला किती जमेल?” या प्रश्नाचे उत्तर देऊ नका. 8 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 16,600 रुपये बसतो. 7 वर्षांसाठी तो 12,900 च्या आत येतो, पण व्याज जवळपास 85 हजारांनी वाढते. ‘फ्लॅट’ दर (शेवटपर्यंत मूळ कर्जाच्या पूर्ण रकमेवर लावलेला) सांगितला तर घटत्या शिलकीवरचा दर विचारा, तो बराच जास्त निघतो. आपल्या बँकेचा दर आधीच काढून ठेवा.

3. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. नव्या कारला थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) 3 वर्षांचा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा 1 वर्षाचाही चालतो. बाहेरचे कोटेशन घेताना आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि अ‍ॅड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेली वाढीव संरक्षणे) तेच ठेवा, नाहीतर तुलना फसते. “बाहेरून घेतला तर कॅशलेस (दुरुस्तीचे बिल विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देणे) मिळणार नाही” हे खरे नाही. कॅशलेस सोय विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्या करारावर अवलंबून असते. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या विमा हप्त्यात मिळणारी सूट) नव्या गाडीला लावता येतो आणि तो 50 टक्क्यांपर्यंत असू शकतो. हे आपणहून क्वचितच कोणी सांगते, म्हणून विमा कंपनीकडून त्याचे पत्र आधी मागून घ्या.

4. जुन्या गाडीचा भाव बाहेर दोन ठिकाणी काढा. नव्या गाडीची किंमत पक्की झाल्यावरच अदलाबदलीचा विषय काढा.

5. “ही शेवटचीच, पाडव्याला हवी असेल तर आजच बुकिंग करा.” या घाईत जुना स्टॉक खपतो. पैसे भरण्याआधी बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल ते लिहून घ्या.

6. आरटीओ नोंदणीआधी गाडी दिवसाउजेडी पाहा. एकदा नंबर पडला की गाडी नाकारणे फार अवघड होते, आणि म्हणूनच तुम्ही पाहण्याआधीच नोंदणी उरकण्याची घाई केली जाते. उत्पादनाचा महिना व वर्ष चासी नंबरमध्ये सांकेतिक अक्षरांत असते. त्याची उकल लेखी मागा. टायरवर 3225 असेल तर तो 2025 च्या 32 व्या आठवड्यातला. पाचही टायर, काचांवरच्या खुणा, दारांच्या कडांचा रंग आणि ओडोमीटर तपासा. पाहिलेल्या गाडीचा चासी नंबर बिलावर आहे का, हे जुळवूनच उरलेली रक्कम भरा.

तक्रार आधी कंपनीकडे ईमेलने करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.