मंदीत एमआरआय-सीटी सेंटर चालवताना हात कुठे आखडायचा

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतल्या शिफ्ट कमी झाल्या किंवा उसाची बिलं अडकली, की त्याची झळ कोल्हापुरातल्या स्कॅन सेंटरलाही बसते. ऊस घातल्यावर 14 दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असा नियम आहे. पैसे लांबले की गावाकडचा पेशंट गुडघ्याचा एमआरआय 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. लकव्याचा किंवा अपघाताचा सीटी थांबत नाही. म्हणून आधी वर्षभराचं रजिस्टर काढून तातडीचे आणि पुढे ढकलता येणारे स्कॅन वेगळे मोजा. घट दुसऱ्या गटात धरायची.

मग दराचा हिशेब. समजा हप्ता, भाडं, पगार, सीएमसी (मशीनचा पार्टसह देखभालीचा करार) धरून महिन्याचा बांधील खर्च 9 लाख, एमआरआयचा दर 4,500 आणि रिपोर्टिंग, फिल्म वगैरे स्कॅनमागे 900. हातात 3,600 राहतात, म्हणजे 250 स्कॅनला खर्च निघतो. दर हजाराने उतरवला तर 347 लागतात. हे जादा 97 पेशंट मंदीत आणणार कुठून? सूट द्यायचीच तर दुपारच्या रिकाम्या स्लॉटला द्या. रेफर करणाऱ्याचा कट वाढवू नका. डॉक्टरांच्या आचारसंहितेत तो बसत नाही आणि शेवटी जातो पेशंटच्याच खिशातून.

सगळ्यात महागडी चूक लाइट बिलापायी होते: रात्री एमआरआयचा चिलर (पाणी गार करणारं यंत्र) बंद करणं. एमआरआयचं चुंबक द्रव हेलियमने गार ठेवलेलं असतं आणि तो हेलियम उकळू न देणारा भाग म्हणजे कोल्ड हेड. त्याचा कॉम्प्रेसर चिलरच्या पाण्याने थंड राहतो. पाणी तापलं की कॉम्प्रेसर ट्रिप होतो, कोल्ड हेड थांबतं आणि हेलियम उकळून उडायला लागतो. तो परदेशातून येतो, त्यामुळे रुपया घसरला की आणखी महाग. चिलर, कॉम्प्रेसर 24 तास चालू ठेवा. रोज सकाळी हेलियमची टक्केवारी आणि कॉम्प्रेसरचं प्रेशर वहीत लिहा. झीरो बॉइल-ऑफ (एरवी हेलियम उडू न देणाऱ्या) मशीनमध्ये टक्केवारी आठवड्यामागून आठवडा उतरत असेल तर सर्व्हिस इंजिनिअरला लगेच बोलवा, सुट्टी संपायची वाट बघू नका. वाचवायचंच तर महावितरणच्या बिलावर कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात मागून ठेवलेला वीजभार) आणि प्रत्यक्ष नोंदलेली डिमांड शेजारी ठेवून बघा. फरक मोठा असेल तर कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करायचा अर्ज करा.

सीटीला पेशंट तुरळक झाले की एक्स-रे ट्यूब गार पडते. वॉर्म-अप न करता जास्त एमएचा (ट्यूबमधल्या करंटचा) स्कॅन घेतला तर अ‍ॅनोडला, म्हणजे ट्यूबमधल्या चकतीला, तडा जाऊ शकतो. त्यामुळे अपॉइंटमेंट विखरून न देता सलग लावा.

सीएमसी सोडून साध्या एएमसीवर (महागडे पार्ट सहसा वगळलेला देखभालीचा करार) यायचं असेल तर ट्यूब, कॉइल, कोल्ड हेड, हेलियम कुणाच्या खर्चात, ते करारात शोधा. तुलना जीएसटी धरूनच करा. आरोग्यसेवा करमुक्त असल्याने भरलेल्या कराचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही.

काँट्रास्टमध्ये (स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून द्यायचं इंजेक्शन) थोडं वाचतं. एमआरआयच्या नेहमीच्या गॅडोलिनियम काँट्रास्टचा डोस किलोमागे 0.2 मिली, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 10 मिली. 20 ची वायल फोडून उरलेलं फेकण्यापेक्षा 10 च्या मागवा. उरलेलं दुसऱ्या पेशंटला मात्र कधीच नाही. आणि सेंटरात सोनोग्राफी असेल तर गर्भवतीच्या सोनोग्राफीचे एफ फॉर्म (गर्भलिंग निदानबंदी कायद्याखालची नोंद) दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत द्यायचे असतात, ती तारीख मंदी आहे म्हणून पुढे जात नाही.

हप्ता चुकणार असं दिसलं की बँकेत आधीच जा. 90 दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए (बुडीताच्या वाटेवरचं कर्ज) होतं, मग मॅनेजरचेही हात बांधलेले असतात.