नेव्हीत पेपर टाकायचे असतील तर

मी भारतीय नौदलातून कमांडर म्हणून बाहेर पडलो. तेव्हापासून दर वर्षी एखाद-दुसऱ्या ज्युनिअरचा फोन येतोच, "सर, पेपर टाकायचेत. कसं करू?" पेपर टाकणं म्हणजे राजीनामा देणं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. इथे महिन्याची नोटीस देऊन निघता येत नाही. नेव्ही ॲक्ट १९५७ च्या कलम १४ प्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अधिकाऱ्याला राजीनामा देता येत नाही आणि तो स्वीकारायचा की नाही, हेही सरकारच ठरवतं. म्हणजे तुम्ही विनंती करताय. माझ्या एका कोर्समेटने बाहेरच्या नोकरीची जॉइनिंगची तारीख आधीच कबूल केली होती. अर्ज मंजूर झाला नाही, नोकरीही गेली. हातात आदेश येईपर्यंत कुणाला तारीख देऊ नका.

मग सेवा मोजा. पर्मनंट कमिशनवाल्यांची, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत नेमणूक असलेल्या अधिकाऱ्यांची, २० वर्षांची पेन्शनपात्र सेवा झाली असेल तर राजीनामा नको, मुदतपूर्व निवृत्ती मागा; पेन्शन मिळते. एकोणिसाव्या वर्षी वैतागून अर्ज लिहिणाऱ्याला मी हात जोडून सांगतो, थांब.

अर्जाआधी सीओंना, म्हणजे तुमच्या कमांडिंग ऑफिसरना, प्रत्यक्ष भेटा. त्यांची शिफारस लागते आणि ही बातमी त्यांना वॉर्डरूममधून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या मेसमधल्या गप्पांतून, कळणं बरं नाही. माझा पहिला मसुदा तीन पानी होता: हुकलेलं प्रमोशन, लागोपाठच्या बदल्या, सगळं त्यात. सीओंनी शांतपणे वाचला, पेन्सिलीने दोन पानांवर आडव्या रेघा मारल्या आणि विचारलं, "तुला तक्रार करायची आहे की जायचं आहे?" उरलं एक पान: आईचं डायलिसिस, घरी दुसरं कुणी नाही. सोबत हॉस्पिटलचे कागद आणि डायलिसिसचं वेळापत्रक जोडलं. तुमचंही कारण असंच एकच, खरं आणि कागदाने सिद्ध होणारं असू द्या.

पुढे फाईल कमांड मुख्यालयातून दिल्लीला नौदल मुख्यालयात जाते. वाट पाहावी लागते. त्या काळात कामात ढिलाई नको. तुम्ही अजून अधिकारीच आहात. नकार आला आणि परिस्थिती बदलली असेल, तर नवे कागद जोडून पुन्हा अर्ज करा. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा रस्ता आहे, पण तो शेवटचा.

मंजुरीनंतरच्या वैद्यकीय तपासणीत काही लपवू नका. इंजिन रूमच्या आवाजाने कान गेला असेल तर तिथेच नोंदवून घ्या, नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं.

आणि चार्ज देताना गोपनीय पुस्तकं पान न् पान मोजून द्या. माझ्या वेळी एका पुस्तकातलं दुरुस्तीचं पान जागेवर नव्हतं. रिलीफ, म्हणजे माझ्या जागी आलेला अधिकारी, आणि मी रात्री साडेअकरापर्यंत शोधत होतो. ते शेजारच्याच पुस्तकात लागलं होतं. ते मिळालं, रिलीफने सही केली, मग मी गँगवे, म्हणजे जहाजावरून उतरायचा जिना, उतरलो.