एअर रायफल: ग्रुप पसरला म्हणून नेम बदलण्याआधी या चुका टाळा

10 मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा मध्यापासून पाव मिलिमीटर सरकला की दशांश गुणांत 0.1 जातो. इतक्या बारीक हिशोबात पसरलेल्या ग्रुपचा, म्हणजे कार्डावर पडलेल्या भोकांच्या पुंजक्याचा, दोष नेमबाज आधी आपल्या श्वासाला, मग ट्रिगरला देतो. छर्रे आणि हवा तपासायची वेळ येते सगळ्यात शेवटी, आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिली चूक डब्यावरचं नाव बघून छर्रे घेण्याची. सामन्यासाठी 4.5 मि.मी.चे, सपाट तोंडाचे, साधारण 0.53 ग्रॅमचे छर्रे लागतात, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण डोक्याचा व्यास 4.49 की 4.50, हे तुमच्या बॅरललाच विचारावं लागतं. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा दुसरा लॉट (एका खेपेत बनलेला साठा) वेगळा पडू शकतो. मित्राच्या रायफलीत दहाच्या दहा एका भोकात गेले, हा तुमच्यासाठी पुरावा नव्हे.

चाचणी खांद्यावरून घेऊ नका, त्यात छर्ऱ्याबरोबर तुमचा हातही मोजला जातो. रायफल रबर लावलेल्या वाइसमध्ये (शिकंजात) घट्ट बसवा, मात्र बॅरलला चिमटा लावू नका. प्रत्येक लॉटचे पहिले दहा छर्रे बॅरल रुळण्यासाठी सोडून द्या, मग दहा-दहाचे दोन ग्रुप घ्या. भोकाची बाहेरची रुंदी मोजा आणि त्यातून छर्ऱ्याचे 4.5 मि.मी. वजा करा. उरलेला आकडा दोन-अडीच मिलिमीटरच्या आत असेल तर लॉट उत्तम. तुलना करताना दोनांपैकी वाईट ग्रुप धरा. चांगला ग्रुप कधीकधी नशिबानेही येतो. लॉट पसंत पडला की त्याच क्रमांकाचे डबे एकदम घ्या. रोज 100 फैरी झाडल्या तर 500 चा डबा पाच दिवसांत संपतो, आणि महिन्याभरात तो लॉट दुकानातूनही संपलेला असतो.

छर्रे वजन करून वेगळे काढण्यात संध्याकाळच्या संध्याकाळी घालवणारेही आहेत. त्यापेक्षा स्कर्ट, म्हणजे मागची पातळ कड, डोळ्यांनी तपासा. नऊ छर्रे एका जागी आणि एकच भलतीकडे, असं दिसलं तर बहुधा कड चेपलेली असते. छर्रे खिशात सुटे टाकले किंवा डबा खाली पडला, तर हे होणारच. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या डब्यातल्या शिशावर पांढरी पूड धरते. ते छर्रे बाजूला काढा.

आता हवा, म्हणजे छर्रा ढकलणारी, रायफलीच्या सिलिंडरमधली दाबलेली हवा. ग्रुप वर-खाली लांबट होत असेल आणि प्रत्येक फैर थोडी खाली उतरत असेल, तर सायटिंगचे क्लिक (नेम वर-खाली करणारी फिरकी) फिरवण्याआधी सिलिंडरचा मीटर बघा. काटा लाल पट्ट्यात गेला की रेग्युलेटरला (प्रत्येक फैरीचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाला) पुरेसा दाब मिळत नाही आणि वेग घटतो. सिलिंडर घाईने भरला तर हवा तापते. मीटर 200 बार दाब दाखवतो, थंड झाल्यावर काटा उतरतो आणि गळती झाल्याचा भास होतो. हळू भरा, थंड होऊ द्या, मग हवं तर थोडी हवा वाढवा. खरी गळती शोधायची असेल तर दाब लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा.

भरायची ती कोरडी हवाच. हॉस्पिटलचा किंवा वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन कधीही नाही: उच्च दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा थेंब लागला तरी स्फोट होऊ शकतो. सिलिंडर हातानेच आवळा. पक्कड लावावीशी वाटली, तर ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलायची झाली आहे असं समजा. सिलिंडरवरची तारीखही वाचा. मुदत साधारण 10 वर्षांची असते आणि सामन्याच्या तपासणीत ती पाहिली जाऊ शकते.

ग्रुप आडवा पसरत असेल तर दोष बहुधा तुमचाच: रायफल कलती धरणं किंवा ट्रिगर बाजूला ओढणं. चहूकडे पसरला तर आधी ॲक्शनचे, म्हणजे रायफलीची यंत्रणा दस्त्याला धरणारे, स्क्रू बघा, मग लॉट बदला. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

बॅरल साफ करायला फेल्टचे बोळे पुरतात. लोखंडी सळई घालू नका. साफ केल्यानंतरच्या काही फैरी भरकटतात, म्हणून सामन्याच्या सकाळी बॅरलला हात लावू नका. आणि छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर आजच सोडा. ते शिसं आहे, रेंजवरून आल्यावर जेवणाचा डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवा.